ऐकणाऱ्याला धरून

प्रिय टाचणी,

ओळी जागोजागी तुटलेल्या दिसतील; दोष पेनाचा नाही. दाराला आतून कडी आहे, खिडक्या लावल्या आहेत, तरी जिन्यावर पाऊल वाजले की ओळ मध्येच थांबते. अख्ख्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प बसवणाऱ्या तुझ्या बाई आज सावलीला भितात, हे वाचून हसलीस तरी चालेल.

पण क्रमाने सांगते, सवय सुटत नाही. आपल्या मदत केंद्रातून आजाऱ्यांना चाकांची खुर्ची, वॉकर, पलंग विनामूल्य वापरायला मिळतात. अट एकच, एखाद्या सभासदाची शिफारस. सभासद सगळे पुलाच्या अलीकडचे. पलीकडच्या तुमच्या वस्तीत त्यांच्या ओळखीचे कुणीच नाही; माझी तू होतीस, पण मलाही कधी विचारायचे सुचले नाही. म्हणून तुझ्या आजोबांना तुम्ही पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत होता आणि आमच्या कोठीत खुर्च्या धूळ खात होत्या. अध्यक्ष म्हणायचे, "ते येतच नाहीत हो. आम्ही कुणाला नाही म्हटलंय का?" आणि तू नर्सच्या गणवेशातच येऊन म्हणालीस, "बाई, दारच दिसत नाही, तर कडी वाजवायची कुठे?" टोचलेस. तुझे नाव मी उगाच नाही ठेवले.

मग मला जे येते तेच मी केले. कार्यकारिणीच्या बैठकीत फळा मागवला. म्हटले, पाहा, आपल्या भाषेची ही केवढी श्रीमंती! 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना त्याला धरलेले असते. 'आम्ही जेवतो' म्हटले तर पाहुणा उपाशी, 'आपण जेवू' म्हटले की त्याचेही ताट वाढले. तेव्हा शिफारशीची अट काढा आणि पलीकडचे दोघे कार्यकारिणीवर घ्या. पहिले नाव तुझे सुचवले. खजिनदार हसले, "बाई, व्याकरणावर खुर्च्या चालत नाहीत." तरी प्रस्ताव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आला आहे.

तेव्हापासून शेजारीण जिन्यात भेटली की पिशवीत किल्ली शोधू लागते. केंद्राची काच फुटली. आत दगड नव्हता, वॉकरचा मोडलेला पाय होता. आणि काल दुपारी फोन आला. शांत, सुसंस्कृत आवाज. "बाई, आपण रस्ता जपून ओलांडत जा." एवढेच.

शिवी दिली असती तर मी तिच्यातल्या चुका काढल्या असत्या. पण हा 'आपण' आदरार्थी होता, अगदी बिनचूक, मी शिकवते तसा. 'आपण'चा हा दुसरा अर्थ मी फळ्यावर लिहिलाच नव्हता, समोरच्याला मान देऊन एकटे पाडणारा. तो आवाज माझ्याच वर्गात बसून गेला असावा. एकेका बाकावरचे चेहरे आठवून पाहते आहे, आणि ज्याला आठवावे त्याची भीती वाटते. कालपासून फोनही उचललेला नाही.

सकाळी अध्यक्ष येऊन गेले. माणूस भला आहे, पण पार घाबरला आहे. चहा तसाच ठेवून म्हणाले, "त्या मुलीला चार ओळी लिहा. उद्या येऊ नकोस म्हणावं. तिच्याच भल्यासाठी." मी पत्र लिहायला घेतले ते त्यासाठीच. 'आम्ही असे ठरवले आहे की' इथवर लिहिले आणि हात थांबला. ऐकणारी पुन्हा बाहेर! तो कागद फाडला. यायचे की नाही ते तू ठरव. धोका होता तेवढा सगळा सांगितला आहे. जिना झाडायला आलेल्या तुझ्या वहिनीच्या हाती हे पत्र देते. सभागृह समोरच आहे, पण तेवढा रस्ता एकटीने ओलांडण्याचे बळ माझ्यात नाही. येणार असलीस तर आधी माझ्याकडे ये. शिफारस कुणाचीही नको. जिना चढताना मोठ्याने हाक मार, म्हणजे मी कडी काढीन. मग आपण जाऊ.

तुझीच (आज आदरार्थी अनेकवचन नको),
बाई