बिनकुलपाचं खोपटं आणि आतली बिस्किटं

मी, मात्रोना, कै. येवॉन यांची बायको, वय सत्त्याहत्तर, राहणार तुंगलिक, कुस्कोक्विम नदीचं खालचं अंग, अलास्का, आज चहा पिऊन आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं दवाखान्यातल्या येफ्रोसिनियाने सांगितलं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. जन्मभर मीच सगळ्यांवर दडपण आणत आले, तरी कोणी ऐकेना, म्हणून कागद घ्यावा लागला. शाळा मी जेमतेम पाहिली. अक्षराला हसायचं असेल त्याने मी गेल्यावर हसावं.

१. याआधीचं मृत्युपत्र मी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. त्यात सगळं माझ्या एकुलत्या मुलाला, वासिलीला, दिलं होतं. ते रद्द समजावं. का, ते पाचव्या कलमात येईल. वासिलीला आत्ताच कळलं असेल.

२. गावातलं राहतं घर माझ्या पश्चात सून लुकेरिया आणि वासिली या दोघांना मिळावं. लुकेरियाचं नाव मुद्दाम आधी घातलं आहे. खालची गोठलेली जमीन वितळून घराचा एक कोपरा खचलाय. वासिली दर उन्हाळ्यात म्हणतो, "आई, यंदा जॅक लावून उचलतोच." जॅक गंजला, घर तिरकंच आहे, चहाचा कप टेबलावरून आपोआप त्याच्याकडे सरकतो म्हणून त्याला बरंच वाटतं. लुकेरिया मालकीण झाली की उचललं जाईल.

३. मासे कापायची अर्धगोल सुरी, माझ्या आईची, लुकेरियाला. ती रावसाच्या पट्ट्या फार जाड कापते, त्या आतून ओल्या राहतात. मी सांगून दमले, आता सुरीच शिकवील. धुरी द्यायची खोली आणि जाळीही तिलाच. सीलचं तेल काढायचं मोठं पातेलं माझी नणंद फ्योकला हिने एका मंगळवारी नेलं. "मी नेलंच नाही," असं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. तर ते पातेलं मी याद्वारे फ्योकलालाच देते. आता तरी ते पलंगाखालून काढून चुलीवर ठेव, बाई.

४. खांबांवरच्या कोठारातली बिस्किटं. ही कलमं वाचणाऱ्या कचेरीतल्या माणसासाठी सांगते: तळहाताएवढी, जाड, गोल, वर बारीक भोकं, ना गोड ना खारट. वर्षानुवर्षं टिकतात. दात येणाऱ्या लेकरापासून दात गेलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे खातात; म्हातारे चहात बुडवून. आमच्याकडे विमान आलं तर दुकानात माल, धुकं पडलं तर रिकामी फळी. म्हणून भिंतीकडची बंद खोकी पुराची आहेत. पाणी चढलं की सगळं गाव शाळेत जाऊन बसतं, तेव्हा ती तिथे न्यायची. दाराजवळची उघडी खोकी येताजाता खायची. हा भेद समजायला काय लागतं? वासिली बास्केटबॉलचा सामना बघता बघता भिंतीकडचं खोकं फोडतो, कारण ते "हाताला आलं". अरे, ते हाताला येऊ नये म्हणूनच मी ते भिंतीकडे, जाळ्यांच्या मागे, शिडी लावून ठेवलं होतं! भिंतीकडची खोकी मी गावाला देते. कोठाराची देखरेख येफ्रोसिनियाने करावी. तिला बास्केटबॉल आवडत नाही.

५. आता खोपटं. सगळं मृत्युपत्र याच्यासाठीच आहे.

नदीच्या वळणावरची जमीन माझ्या नावची, तिच्यावरचं लाकडी खोपटं येवॉननी बांधलं. तरुणपणी वादळात त्यांची कुत्री घसरगाडी घेऊन पळाली होती. चालत चालत ते कुणाच्या तरी खोपटाशी पोचले. दार नुसतं ओढलेलं, आत सुकी लाकडं आणि बिस्किटांचं खोकं. वादळ सरेपर्यंत त्यावर जगले. खोपटं कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून आभार कुणाचे मानायचे हा त्यांना प्रश्न पडला आणि त्यांनी स्वतः एक बांधलं. दाराला फक्त दोरीचा फास. आत नेहमी लाकडं, काड्यापेटी, बिस्किटं. जो अडकेल त्याने खावं, जमेल ते ठेवून जावं. कुणी साखर ठेवी, कुणी नुसतीच फोडलेली लाकडं.

ते गेले आणि वासिलीने तिथे कुलूप घातलं.

मी विचारलं तर म्हणतो, "आई, शहरातले लोक बोटीतून आले, सगळं खाल्लं, बिअरचे डबे टाकून गेले. मी काय मूर्ख आहे भरत राहायला?"

"तुझा बाप होता की मूर्ख. बरीच माणसं जगली त्याच्या मूर्खपणावर."

"तेव्हाचे दिवस वेगळे होते."

"थंडी तीच आहे," मी म्हटलं. तो सामना बघायला गेला.

मग गेल्या फेब्रुवारीतलं वादळ. सकाळी दार वाजलं. उघडते तर वरच्या गावचा निकिफोर, भुवयांवर बर्फ. मला बघितलं आणि धपकन पायरीवरच बसला.

"मात्रोनामावशी! तू तिकडे नाहीस?"

"तिकडे कुठे?"

"खोपटात. कुलपाआड."

त्याची बर्फगाडी वळणाजवळ बंद पडली होती. खोपटाशी आला, कुलूप पाहिलं. "मी म्हटलं, जिवंत माणसाच्या खोपटाला कोण कुलूप लावतं? तू आजारी असल्याचं रेडिओवर ऐकलं होतं. वाटलं, मावशी गेली आणि गोठलेल्या जमिनीत खड्डा खणेपर्यंत आत ठेवलीय. मेलेल्याच्या दाराशी कशी खटपट करू? क्रूसाची खूण केली, दोन शब्द बोललो आणि निघालो."

"काय बोललास रे?"

"म्हटलं, बिस्किटं चांगली असायची तुझ्याकडे."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्याचे बूट काढले आणि हसू थांबलं. पायाची दोन बोटं गेली त्याची. वासिली काय म्हणाला असेल? "खिडकी फोडायची की!" मी म्हटलं, "तू कुलूप घालायचं आणि खिडकी त्याने फोडायची, म्हणजे तू शहाणा?" त्याने कुलूप काही काढलं नाही. फादर गाव्रील बोलून थकले. मी बोलून थकले. आता काही आठवड्यांत नदी गोठेल, बर्फगाड्या सुरू होतील, आणि कुलूप तिथेच आहे.

आता लुकेरियाच्या मुलीबद्दल. येवॉन गेले त्याच हिवाळ्यात ती जन्मली. फादरनी तिचं नाव ओलिंका ठेवलं, मी कुग्युक ठेवलं. हेच येवॉनचं आमच्या बोलीतलं नाव. नाव आलं म्हणजे माणूस परत आला, हे काय सांगायचं. म्हणून मी तिला "अहो" म्हणते आणि वासिली स्वतःच्या मुलीला "बाबा" म्हणतो. पाच वर्षांची आहे. माझ्यासमोर ताठ बसून म्हणते, "ए म्हातारे, बिस्किट दे. लोणी लाव. कडेपर्यंत लाव!" येवॉन हेच म्हणायचे, कडेपर्यंत. मला इतकं बरं वाटतं की मी दुसरंही लावते.

जूनमध्ये तिने भिंतीकडचं खोकं उघडलं. (हो, तिनेही. नियम सगळ्यांना, त्या बापलेकींना तेवढा नाही.) वासिली ओरडला, "कुणी फोडलं हे? पाठीत धपाटा घालीन!" लुकेरिया हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही बाबांवर हात उगारताय." वासिलीचे कान लाल झाले. खाली बसला, तिच्या मोज्यांकडे बघत म्हणाला, "चुकलं, बाबा." ती म्हणाली, "बरं. शिडी धर."

तेव्हाच माझ्या मनात आलं.

तर नदीच्या वळणावरची जमीन आणि खोपटं, आतल्या चूल-भांडी-बिस्किटांसकट, मी माझे पती कुग्युक, हल्ली मुक्काम माझी नात ओलिंका, यांस देते. जमिनीची मालकी, वाट, आणि दाराला काय लावावं किंवा लावू नये याचा पूर्ण हक्क त्यांचा. ती सज्ञान होईपर्यंत पालक निकिफोर. कुलूप म्हणजे काय ते त्याच्या बुटाला कळतं. वासिलीला हरकत असेल तर त्याने कचेरीत जाऊ नये. आपल्या बापासमोर बसावं, त्याच्या डोळ्यांत बघावं आणि विचारावं.

६. सही करायच्या आधी हे सगळं फादर गाव्रीलनी मोठ्याने वाचलं. वासिली दारामागे होता. तिरक्या घरात दार लागत नाही, सगळं ऐकू जातं. तो आत आला नाही. कोठाराच्या पायरीवर ओलिंका बसली होती, तिथे गेला, खिशातून गोड गोळ्यांची पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मी, फादर आणि येफ्रोसिनिया, तिघंही खिडकीला चिकटलो.

"बाबा," तो म्हणाला, "खोपटाला कुलूप असू दे का?"

तिने एक गोळी तोंडात टाकली, खूप वेळ चघळली. "असू दे."

मी खिडकी सोडून वळले. फादर म्हणाले, "थांबा, अजून बोलतेय."

"असू दे. पण किल्ली त्यालाच अडकवून ठेव. नाहीतर निकिफोर आत कसा येणार?"

वासिलीने खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाला, "बरं, बाबा." गोळ्या परत मागितल्या नाहीत. आता बोट काढून तिकडेच गेलाय, किल्ली खिशात आहे.

माझा नवरा असाच. कुणालाही नाही म्हणायचं नाही, दोन्हीकडच्यांना घरी हसत पाठवायचं, आणि मी इथे कलमं लिहीत बसायचं. उभ्या संसारात हेच झालं, आता पुन्हा पाच वर्षांचा होऊन तेच. मला हसू आवरत नाही.

तरी पाचवं कलम मी बदलत नाही. नवऱ्यावर माझा भरवसा आहे. मुलावर अजून बसायचा आहे. बोट परत आली की मी स्वतः वळणावर जाऊन किल्ली बघून येणार आहे, गुडघे गेले खड्ड्यात.

लिहून ठेवणार: मात्रोना येवॉन
साक्षीदार: फादर गाव्रील (वाचून दाखवले), येफ्रोसिनिया, दवाखाना (डोकं तपासले, ठीक आहे)
ठिकाण: तुंगलिक
दिनांक: २ ऑक्टोबर २०१९