नळीच्या टोकावरचं भांडण

प्रिय मर्ल,

फोन केला की तुझा भाऊ उचलतो आणि "वहिनी, तो अंगणात आहे" म्हणतो. तिकडे यूमात या उन्हात भर दुपारी अंगणात पालीसुद्धा थांबत नाहीत. तेव्हा मी काय समजायचं ते समजले आणि कागद पुढे ओढला. अक्षर फार मोठं आलंय, पानावर पाच-सात ओळीच मावताहेत, तरी वाच. आणि व्हर्जिल, पाकीट तू फोडलं असशील तर इथेच थांब आणि गुमान कागद भावाच्या हातात दे. पुढचं नवरा-बायकोचं आहे.

इकडे सगळं ठीक आहे. छतावरचा कूलर पुन्हा गळायला लागला, त्याच्याखाली तुझी ती आवडती बादली ठेवलीय. कुत्रं दुपारी फाटकाशी जाऊन बसतं, तुझ्या ट्रकची वाट बघत. मी त्याला सांगितलं, की ज्याची तू वाट बघतोस तो मोठा मानी माणूस आहे, आपल्यासारख्यांसाठी तो येणार नाही. त्याला ते पटलेलं दिसत नाही. डार्ला रोज येते, मला बाजारात नेते-आणते आणि जाता-येता तुझी बाजू घेते. ती माझी मैत्रीण आहे की तुझी, हे आता कळेनासं झालंय.

क्लबात तर विचारूच नकोस. मी दिसले की कॉफीच्या टेबलाभोवतीची कुजबुज थांबते. स्वतःच्या नवऱ्याला राज्याच्या नेमबाजीच्या सामन्यात भर मैदानात धरणारी पंचबाई म्हणून माझी कीर्ती पार फिनिक्सपर्यंत गेलीय म्हणे. त्या दिवशी एक अनोळखी बाई मला पेट्रोल पंपावर म्हणाली, "त्या तुम्हीच का?" मी हो म्हटलं. लपवायचं काय त्यात?

तुझं म्हणणं मला पाठ आहे, कारण घरी परतताना ट्रकमध्ये तू दुसरं काही बोललाच नाहीस. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तू तो नवा कॉम्पेन्सेटर, म्हणजे नळीच्या टोकाचं ते भोकांचं बोंडूक, पिस्तुलाला लावून माझ्या नाकाखाली धरलास. "कसं आहे?" म्हणून विचारलंस. मी "छान आहे" म्हणाले. आणि दुपारी त्याच कॉम्पेन्सेटरपायी मीच तुला साध्या गटातून काढून ओपन गटात ढकललं. "घरात छान आणि दारात बाण! बायको आहेस की पोलीस?" हे तुझे शब्द. मग तू पिस्तूल तसंच टेबलावर टाकून यूमाची वाट धरलीस. तुला वाटतं मी मुद्दाम गप्प बसले, सावज टप्प्यात येईपर्यंत. त्यावर मी इतके दिवस एकच उत्तर देत आले, की छान म्हणजे चालेल असं नाही. साप पण छान असतो.

आता जरा शांतपणे ऐक. चूक कुठे झाली ते मला कळलंय. गुरुवारच्या गावातल्या खेळात वेंडेल कुणालाही कॉम्प लावू देतो, आणि वेंडेल क्लबचा प्रमुख, म्हणून तू धरून चाललास की राज्याच्या सामन्यातही चालतं. आपल्या खेळात जन्म घालवलेला माणूसच असा फसतो, नवखा निदान विचारून तरी घेतो. नळीच्या टोकाला ते भोकांचं बोंडूक लागलं की साधा गट संपला, मग तुम्ही ओपनमध्ये, पिस्तुलावर नेमाच्या काचा आणि लाल ठिपके लावणाऱ्या त्या पोपटी सदऱ्याच्या पोरांबरोबर. मागच्या वर्षी मी पाद्री हॉलिस्टरनाही असंच ढकललं होतं. ते बिचारे "देवाची इच्छा" म्हणाले. तू मात्र देवाला मध्ये न आणता जे काही म्हणालास ते मी इथे लिहीत नाही.

मजा अशी, की वेंडेलने तुझ्या कमरेचं पिस्तूल आधीच पाहिलं होतं. "मला वाटलं मर्लने ओपनमध्येच नाव दिलंय," म्हणतो. "बायको पंच असताना नवरा चुकेल कसा?" बघ, लोकांचा आपल्या संसारावर किती विश्वास आहे!

आणि तो क्षण काय होता, मर्ल! तू त्या ठेंगण्या लाकडी खिडकीतून वाकून नेम धरलास, मी टायमर घेऊन तुझ्या खांद्याशी. पहिली गोळी सुटली आणि काडतुसातला सगळा गरम धूर त्या भोकांतून वर उसळला, फळीवर आपटला आणि थेट माझ्या तोंडावर आला. माझी टोपी उडून मागे बसलेल्या डार्लाच्या मांडीवर पडली. ती किंचाळली, कारण तिला वाटलं मीच पडले. भुवया जळल्याचा वास येत होता. तरी मी तुला शेवटच्या गोळीपर्यंत थांबवलं नाही, हे कुणी सांगत नाही. पिस्तूल रिकामं करून तू कमरेला लावलंस, मगच मी "ओपन" म्हणाले. त्या आधी तू जे नेम मारलेस ना, तसे तू कधीच मारले नव्हतेस. साठीच्या पुढच्यांत तिसरा येत होतास. आयुष्यातली पहिली बक्षिसाची लाकडी पाटी भिंतीवर लागायची होती आणि ती मी काढून घेतली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. फार वाटलं. पण नवऱ्याला सोडलं असतं तर उद्या पाद्रीबुवांना काय तोंड दाखवलं असतं?

तू गेल्यावर ते पिस्तूल टेबलावर पडून होतं. शेवटी मी डार्लाला म्हटलं, ज्याच्यावरून संसार मोडायला निघालाय ते एकदा चालवून तरी बघू. क्लबमागच्या मोकळ्या पट्ट्यात गेलो, समोर मातीचा भला मोठा ढीग, चुकवणं शक्यच नाही असा. डार्ला माझ्या बाजूला कान झाकून उभी. म्हणाली, "लव्हॉन, एवढी जवळ उभी राहते ती केवळ मैत्री म्हणून, हे लक्षात ठेव."

तर न्यायाने सांगते. ते कामाचं आहे. माझं पिस्तूल गोळी सुटली की शिंगाळ्या बकऱ्यासारखं आभाळाकडे उसळतं आणि त्याला खाली आणेपर्यंत दुसऱ्या गोळीची वेळ टळते. हे मात्र हातात बसून राहिलं. धूर वर जातो, तो नळीचं तोंड खाली दाबतो, इतकी सोपी गोष्ट. दुसरी गोळी पहिलीच्या पाठोपाठ गेली. आणि मनगटाला तो नेहमीचा झटका बसला नाही.

आता दुसरी बाजू, कारण एकच बाजू सांगेन तर मी कसली पंच. आवाज असा की डार्लाने कान झाकूनही "आई गं" म्हटलं. तिने बाजारातून नुकते कुरळे करून आणलेले केस एका बाजूने सरळ झाले, आणि त्याचं ती तुला बोलणार आहे, तयारी ठेव. नळीवरच्या नेम धरायच्या खुंटावर काजळी धरते. मी आपल्या घरी भरलेल्या, कमी दारूच्या मऊ काडतुसांनी मारायला गेले तर पिस्तूल दर दोन गोळ्यांनी अडकून बसलं. त्याला जोरकस काडतूस लागतं, खानदानी जावयासारखं. तुझ्या जुन्या चामड्याच्या म्यानात ते मावत नाही, म्हणून तू म्यानाचं बूड कापून टाकलंस तेही माझ्या हाताला लागलं. ते म्यान माझ्या बाबांनी तुला दिलं होतं, पण ते जाऊ दे. आणि जमिनीवर पालथं पडून मारलं तर एवढी धूळ उडते की आपण कुठे आणि निशाण कुठे हेच कळत नाही. डार्ला म्हणाली, "यात वाईट काय? कुणालाच दिसलं नाही म्हणजे नेम बरोबरच!"

पण मनगटाचं सांगत होते. तू मला काही बोलला नाहीस, तरी मला ठाऊक होतं. हिवाळ्यापासून लोणच्याची बरणी तू माझ्यापुढे सरकवतोस, "तुला जमतंय का बघ" म्हणून, जणू माझीच परीक्षा. ट्रकची किल्ली डाव्या हाताने फिरवतोस. सामन्याच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात मनगटाला मलम चोळत होतास, आणि वास लपावा म्हणून दाढीचं अत्तर ओतलंस. घरभर औषधाच्या दुकानात लग्न लागल्यासारखा वास येत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमच्या घराण्याची रीतच आहे. तू ते बोंडूक पाटीसाठी लावलं नाहीस. अजून काही वर्षं माझ्या शेजारी उभं राहून गोळ्या मारता याव्यात म्हणून लावलंस. हे मला पिस्तूल चालवल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी त्या मातीच्या ढिगासमोर रडले. डार्लाला सांगितलं धूर गेला डोळ्यांत.

शरदातल्या सामन्याला मी तुझं नाव ओपन गटात दिलंय. खाली माझंही दिलंय, तसलंच बोंडूक माझ्या पिस्तुलालाही मागवलंय. त्या पोपटी पोरांपुढे आपण दोघं शेवटून पहिले आणि दुसरे येऊ. शेवटचं कोण, यावर हिवाळाभर भांडू.

आणि टायमर मी वेंडेलला परत करून आले. पंचाचं काम सोडलं. क्लबाला वाटतंय, नवऱ्याला धरल्याच्या पश्चात्तापाने सोडलं. वाटू दे.

खरं कारण कुणालाच माहीत नाही. ते तुला सांगायचं म्हणून हा सगळा कागद काळा केला. मर्ल, त्या सकाळी मला काही दिसलंच नव्हतं. तू हात पुढे केलास, हातात काहीतरी काळं होतं, एवढंच. "कसं आहे" विचारताना तुझा आवाज इतका खूश होता, की विचारायचा धीर झाला नाही आणि मी छान म्हणून मोकळी झाले. मैदानावरही तुझं पिस्तूल मी पाहून ओळखलं नाही. तोंडावर धूर आला तेव्हा ओळखलं. सामन्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डार्लाला दात दाखवायला जाते म्हणून सांगितलं, ती दारात सोडून भाजी घ्यायला गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा येत्या मंगळवारी काढणार आहेत. डॉक्टर पोरगेलासा आहे, म्हणतो चिमूटभर काम आहे, पण डोळा माझा आहे आणि मला भीती वाटते. त्यांचा नियम आहे की घरी न्यायला कुणीतरी जबाबदार माणूस हवा. जबाबदारच हवा असता तर वेंडेललाही बोलावलं असतं, त्याने नाही म्हटलं नसतं. पण मर्ल, पट्टी काढल्यावर पहिलं तोंड दिसायचं ते तुझंच दिसू दे. रागावलेलं असलं तरी चालेल.

नियमात आणि नियमाबाहेरही
तुझीच,
लव्हॉन