करवंदीच्या जागी उंदीरमारी

आबा, तुम्ही लावलेली झाडं मी उपटते आहे. हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच लिहिते, ख्यालीखुशाली विचारायला नाही.

मळवलीच्या वर वनखात्याच्या ज्या उतारावर तुम्ही मजूर होता, तिथंच आता देशी झाडं लावणाऱ्या टोळीची मी मुकादम आहे. ऐन, हिरडा, करवंद लावायचे, पण आधी तुमची गिरिपुष्पं काढायची. परदेशातून आणलेलं हे झाड कागदावर गिरिपुष्प, गावाच्या तोंडी उंदीरमारीच. शेळीसुद्धा नाक मुरडते. मेली तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते, तुमच्यासारखीच हट्टी. म्हणून मुळापासून खणतो.

या झाडांसाठी तुम्ही करवंदीच्या जाळ्या साफ केल्या तो उन्हाळा मी विसरलेले नाही. करवंदं नुकती काळी व्हायला लागलीत, आई टोपलं घेऊन उभी आहे आणि तुम्ही तिच्यासमोर कोयता चालवताय. दरवर्षी ती पानांच्या द्रोणात करवंदं घालून लोणावळ्याला पर्यटकांना विकायची. तेवढेच तिच्या हक्काचे पैसे. चार दिवस थांबा म्हणाली, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सरकारी जागा हाय. तुजी न्हाई." ती रिकामं टोपलं घेऊन घरी आली. त्या उन्हाळ्यात बांगड्या भरायलासुद्धा तिला तुमच्यापुढं हात पसरावा लागला. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडेनासे झालात, ते अजूनही.

परवा आई भाकरी घेऊन वर आली. मी एक बुंधा खणत होते आणि तोंडानं तुमचा उद्धार चालला होता. ती झाडाला हात लावून म्हणाली, "त्यांना कशाला बोलती? त्यांनी खड्डे खांदलं. रोपं आमी बायांनी लावली. हे माजं हाय."

करवंदं गेल्यावर त्याच पावसाळ्यात ती तुमच्या टोळीत मजुरीला आली होती म्हणे. मला कधी बोलली नव्हती. वर कौतुकानं सांगत होती, तिच्या हातचं एकही रोप मेलं नाही. मग म्हणाली, "काढ आता. करवंद लाव." मी काढलं. ती बघत बसली.

मला तिचा भयंकर राग आला, आबा. ज्यानं जाळी तोडली त्याच्याच खड्ड्यात ही रोपं लावते? पण तिला कसं बोलू? थकली आहे, रात्री माझ्याच ताटातला घास खाते. हा कागद कुणाला धाडायचा नाहीच. तिच्यावरचा रागही तुमच्याच नावावर घालते आहे, कारण गेल्यापासून तुम्ही उलटून बोलत नाही.