मेलबर्न ते मुंबई, सव्वाबारा तास

१३ एप्रिल
शिवतेज रविवारी येतोय. सोबत सून समीक्षा आणि अकरा महिन्यांची राजनंदिनी. नातीला आजवर फोनच्या काचेतच पाहिलंय. शिवतेज म्हणाला, नाना, दगदग नको, टॅक्सीनं वाईला येतो. साफ नकार दिला. नात आधी माझ्या हातात, मग जगाच्या. विमानतळावर मीच जाणार.

१४ एप्रिल
तिकीट तपासलं. मेलबर्न सुटणार सकाळी सहा, मुंबई पावणेदोन. अंतर ९,७८० किलोमीटर. म्हणजे ताशी साडेबाराशे! कोणत्या गाढवानं छापलं? एकतीस वर्षं वाई स्टँडवर कंट्रोलर होतो. बोर्डावरच्या वेळेवर पॅसेंजर विश्वास ठेवतात. कंट्रोलर अंतर भागिले वेग करतो. ताशी आठशेनं सव्वाबारा तास. गाडी लागणार संध्याकाळी सव्वासहाला.

१६ एप्रिल, दुपारी
सुलाबाईनं चहा देता देता अक्कल पाजळली. "आवं, आपल्या दुपारच्या च्याला तितं दिवं लागत्यात. त्यांचं घड्याळ फुडं न्हाई का?" संसाराला चाळीस वर्षं झाली, सुधारणा शून्य. त्यांचं घड्याळ त्यांच्या भिंतीवर. विमान आपल्याकडे येतंय.

१७ एप्रिल
शेजारचा नाथाजी, रिटायर्ड हवालदार, कट्ट्यावर खडूनं सूर्य काढून साडेचार तासांचा फरक शिकवत होता. मला! पलटणीत याला कुणी टाइमटेबलला हात लावू दिला असेल?

१९ एप्रिल, सकाळी ९.३०
एसटीत खिडकी मिळाली. नाथाजीचे चार फोन. उपदेश असणार. फोन बंद केला.

दुपारी ३.३०
विमानतळ. पावणेतीन तास आधी हजर. बाकी लोक धावतपळत येतायत. नियोजन नावाची चीज नाही.

संध्या. ६.४०
अर्धा तास लेट. अपेक्षितच.

७.३०
गेटवरचा शिपाई म्हणतो, मेलबर्न दुपारीच आलं. अशी माणसं नेमतात. वाद घातला नाही.

८.२०
फोन चालू केला. शिवतेजचे एकोणीस मिसकॉल, शेवटी एक मेसेज. तासभर थांबून सव्वातीनला टॅक्सी केली. मी पोचलो साडेतीनला. पंधरा मिनिटं.

घरी फोन लावला. आठला पोचले म्हणे. सुलाबाईनं भाकरतुकडा ओवाळला. पोरीला उंबऱ्यातून आत आणायला घरचा मोठा माणूस हवा, तो मुंबईत. म्हणून नाथाजीनं कडेवर घेऊन आत आणली. मी विचारलं, रडली का. नाही म्हणे, त्याच्या मिशा ओढत होती.

मग सुलाबाई म्हणाली, "नाना म्हनली वो ती. पैल्यांदाच, अगदी सपष्ट."

कुणाला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्येलाच की," म्हणाली.

मला रडू आलं. शिपाई बघत होता.