विहिरीचे पाणी वर्ज्य

४ मे १९६५, मंगळवार. चौल.
आले: मुंबईच्या इस्पितळाचे पत्र, बेअरिंग. दंड तीस पैसे. एवढे मोठे इस्पितळ, तिकीट लावत नाही!
परीक्षा पुढल्या मंगळवारी. किरणोत्सर्गी औषध शिरेत टोचून यंत्राने पाहणार, उजवे मूत्रपिंड काम करते की नाही. करत नसेल तर कापून काढणार. करत असणारच. रामेश्वराला अभिषेक बोलले आहे.
पत्र इंग्रजीत. ह्यांना दाखवले नाही. शाळेत इंग्रजी शिकवतात, घरातही वर्ग भरवतील. मी मॅट्रिक आहे.

५ मे.
पत्राचा अर्थ लावला. एकच वाक्य अडले: ‘कम वेल हायड्रेटेड.’ हायड्रोजन पाण्यात असतो. वेल म्हणजे विहीर. अर्थात, विहिरीचे पाणी वर्ज्य. पत्र पोथीत ठेवले.

७ मे.
वाडीत शिंपणाला येणारी सगुणा म्हणाली, “वयनी, मुताची परीक्षा नि पानी न्हाय प्यायचं?” म्हटले, हे विज्ञान आहे. तर म्हणते, “त्या औषधानं अंधारात चमकाल म्हनं!” बरेच. रॉकेल वाचेल.
विहीर नको तर शहाळे प्या, असेही तिचेच. शहाळी गिऱ्हाइकाची आहेत.

९ मे, रात्री.
पंचांग पाहिले. मंगळवारी एकादशी! निर्जळीच करावी, उद्यापासूनच. देव आणि डॉक्टर एकाच उपासात खूश.

१० मे. रेवसच्या बोटीत.
घशाला कोरड. निश्चय शाबूत. ह्यांनी तांब्या पुढे केला, “अगं, घोटभर तरी घे. तोंड बघ कसं झालंय!” म्हटले, पाणी विहिरीचे आहे. बघतच राहिले. शास्त्रातले कळत नाही, बिचारे.

११ मे, दुपारी.
औषध टोचलेच नाही. डॉक्टरांनी विचारले, किती ग्लास पाणी प्यालात? अभिमानाने सांगितले, कालपासून थेंब नाही. पत्र दाखवून अर्थही सांगितला.
“बाई, इथे वेल म्हणजे भरपूर! भरपूर पाणी पिऊन या. कोरड्या अंगाने चांगले मूत्रपिंडही बिघडलेले दिसेल, आणि आम्ही सुरी घेऊन बसू.”
हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते.
नळाचे तीन ग्लास प्याले. एकादशी गेली.

१२ मे. चौल.
विहिरीचे पाणी फार गोड लागले. आज टाकलेल्या पत्राची नक्कल:
‘मा. डॉक्टरसाहेब, पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधीची तारीख द्यावी. एकादशी टाळावी. किती ग्लास, तो आकडा लिहावा. पत्र मराठीत धाडावे, आमच्या ह्यांचे इंग्रजी जरा कच्चे आहे. तिकीट लावून उलट टपाली कळवावे.’