पथ्याचं मीठ

३ एप्रिल २०१६, रविवार

आईनं आज ताट सरकवलं. "मेंढराला तरी मीठ चारतेत गं, रत्नमाला. मी मेंढराच्याबी खालची झाले का?" आबा हसले. मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, म्हणजे कमी! किडन्या निकामी झाल्यावर मीठ अंगातच राहतं, मिठानं तहान लागते, प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही - पाय सुजतात, दम लागतो. किती वेळा सांगितलं. घरात शिकलेली मी एकटी. मी नाही सांगणार तर कोण?

पण तिनं अर्ध्या भाकरीवर उठावं, हेही बघवत नाही.

६ एप्रिल, बुधवार

मिळालं! जालना रोडवरच्या मोठ्या दुकानात - कमी सोडियमचं मीठ. पुड्यावर लाल हृदय काढलंय. चव मिठाचीच, सोडियम कमी. मला हे आधी कसं सुचलं नाही?

वरणात सढळ हातानं घातलं. आईनं भाकरी मागून घेतली. "आता कसं! शिकवली त्याचं चीज झालं." आबा कामावर निघाले होते - चिकलठाण्याला नवी इमारत उठतेय, तिथं ते वॉचमन आहेत. दारातून वळून म्हणाले, "मग? पोरगी कुणाची हाय!"

आज झोप लागेल.

९ एप्रिल, शनिवार

टँकर आज पण नाही. आईचं दिवसाचं पाणी मापून तांब्यात ठेवते. ती नुसती माठाकडं बघत बसते.

१२ एप्रिल, मंगळवार

आई सकाळी उठेना. पायात जीवच नाही म्हणे. नाडी बघितली - सावकाश, मधेच थांबल्यासारखी. रिक्षानं दवाखान्यात नेलं. पोटॅशियम साताच्या वर! हृदय बंद पडलं असतं म्हणाले. इंजेक्शनं, धावाधाव, मग डायलिसिसचं मशीन. वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खायला दिलं? नारळपाणी? फळं?" मी म्हणाले, नाही सर, मी सगळं पथ्यानं करते. तेवढ्यात आबा पुढं झाले. "काल मोसंबीच्या दोन फोडी दिल्या, साहेब. लई तहान तहान करीत होती."

"दोन फोडींनी एवढं होत नाही, मुंजाबा. खरं सांगा."

"दोनच, साहेब."

"इथं डबा तुम्ही आणायचा नाही. मुलगी आणेल."

आणि मी? मीही ओरडले! सगळ्या वॉर्डासमोर! आबा, कितीदा सांगितलं होतं तुम्हाला? शेजारच्या पलंगावरच्या सारजाबाई म्हणाल्या, "दाव्याला बांधून ठेव गं पोरी बापाला." लोक हसले. आबा जिन्यात जाऊन बसले.

मी बोलायला नको होतं. पण मोसंबी का दिली त्यांनी?

१४ एप्रिल, गुरुवार

पोटॅशियम परत चढलंय. मी पहाटे उठून स्वतः रांधते, स्वतः डबा नेते, तरी! डॉक्टर चिडले. "हा माणूस चोरून काहीतरी देतोय." आबांना वॉर्डात सोडायचं बंद केलं. ते शपथ घ्यायला लागले तर वॉचमननं दंडाला धरून बाहेर नेलं. आबाही वॉचमनच. तसाच खाकी शर्ट.

१५ एप्रिल, शुक्रवार

बी.एस्सी.चा पेपर जवळ आलाय, म्हणून पुस्तक उघडलं. मूत्रपिंडातल्या नलिका. दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी गाळलं जातं, आणि जवळजवळ सगळं पाणी, सगळं मीठ या केसाहून बारीक नळ्या परत ओढून घेतात. लागेल तेवढं ठेवतात, नको ते सोडतात. शेवटच्या भागात सोडियम आत घेतलं जातं, पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. नलिका मेल्या की पोटॅशियम रक्तातच साठत राहतं.

पाठ आहे मला हे. आकृतीसकट पाठ.

मग एकदम मनात आलं - त्या मिठातलं सोडियम कमी केलं, तर त्याच्या जागी घातलं काय?

उठले. पुडा फिरवून बघितला. मागं, बारीक अक्षरात - पोटॅशियम क्लोराइड. त्याखाली - मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

मी पुढची बाजू वाचली होती.

१६ एप्रिल, शनिवार

डबा अळणी नेला. डायलिसिस कालच झालं होतं, आज रक्त चांगलं आलं. डॉक्टर म्हणाले, "बघा! वडिलांना बाहेर ठेवलं तर कसं उतरलं." सारजाबाईंनी मान डोलावली. आईनंही.

मी डबा धुवायला निघून गेले.

१७ एप्रिल, रविवार

आबा दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून असतात. रात्री ड्यूटी, दिवसा इथं. दाढी वाढलीय. आज मी जवळ जाऊन बसले आणि सांगितलं. सगळं. पुडा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"म्हंजी मोसंबीनं नाय झालं?"

"नाही, आबा. माझ्यामुळं झालं."

ते रागावतील वाटलं. टोपीनं डोळे पुसले फक्त. "मला वाटलं, मीच मारत होतो तिला."

मी म्हणाले, उद्या डॉक्टरांना सांगते. तुम्हाला आत घेतील.

"तुझ्या आईचा तुझ्या हातावर इश्वास हाय गं. तो गेला तर ती जेवायची नाय."

तरी सांगावंच लागेल, मी म्हणाले. त्यांनी पुडा मात्र परत दिला नाही.

१८ एप्रिल, सोमवार

डॉक्टर आईच्या पलंगाशी आले. मी तोंड उघडणार, तोच आबा वॉचमनला ढकलून आत आले. पुडा पुढं केला. "हे मीठबी मीच आणलं होतं, साहेब. मला वाचता येत नाय. पोरीला ठावं नव्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "खरं आहे का?"

आईपण बघत होती.

मी हो म्हणाले.