दहा ते साडेतीनचे नियम

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कंपू भागातल्या डे-केअर सेंटरला जायला लागले. दहा ते साडेतीन, सहा आठवडे. मन बिघडलेले आणि व्यसनं असलेले, सगळे एकाच खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. उत्कर्षचं म्हणणं, आई, तुला उपचारांची गरज आहे. माझं म्हणणं, सेंटरला माझी गरज आहे.

झालं एवढंच, की मागच्या महिन्यात एका दुपारी मला डोळा लागला, गॅसवरचं दूध आटून पातेलं जळलं आणि तन्वी घाबरून शेजारी गेली. पातेलं तसंही जुनं होतं. पण तेव्हापासून सात वर्षांची माझी नात शाळा सुटल्यावर गोरखीतल्या घरी माझ्याकडे येत नाही, थाटीपुरला त्यांच्या घराजवळच्या पाळणाघरात बसते. सेंटरने लेखी दिल्याशिवाय तिला माझ्याकडे ठेवायचं नाही, ही सूनबाईंची, गरिमाची अट. हे गेल्यापासून मी झोपेची अर्धी गोळी घेते. अर्धी.

४ नोव्हेंबर
सेंटरचं 'स्टँडर्ड्स' नावाचं पुस्तक मागून घेतलं. चौदा पानं, एकवीस चुका. लाल पेनाने दुरुस्त केल्या. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसनी हे पुस्तक खिडकीबाहेर भिरकावलं असतं. हात मात्र मऊ होते त्यांचे. ताप आला की कपाळावर ठेवत. हल्ली ना तसा हात, ना तसा कॉमा.

गोलात बसवतात. नाव सांगायचं आणि काय घेतो ते सांगायचं. मी म्हटलं, उषा, आणि चहा. महिपतराव नावाचे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, दारू सोडायला आलेले. ते म्हणाले, ताई, पहिल्या आठवड्यात मीपण चहाच घेत होतो. सगळे हसले. असल्या लोकांत बसायचं.

७ नोव्हेंबर
नियम नऊ: पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपलं ध्येय स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मी लिहिलं, या सेंटरचा दर्जा सुधारणे. अवंतिका म्हणून समुपदेशक आहे, पोरगेलीच. तिने ते फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं आणि म्हणाली, काकू, बढिया आहे, पण झालं की नाही हे मोजायचं कसं? विचार करते म्हटलं. मुलगी गोड आहे. मराठी भयंकर, या हिंदी मुलुखात सगळ्या पोरांचं असतं तसं.

१२ नोव्हेंबर
गोळ्या कमी करायच्या म्हणून अवंतिकाने दिवसभराचं विचारलं. सकाळी अर्धी, जेवणावर अर्धी, चारला अर्धी, झोपताना दोन अर्ध्या. तर म्हणे, काकू, अडीच झाल्या. गणित चांगलं आहे तिचं. पण मी आयुष्यात कधी अख्खी गोळी घेतलेली नाही, हे कुठेही नोंदवलं नाही.

लघवीच्या तपासणीवर चार पानी आक्षेप लिहून दिला. तो तिने माझ्याच फाइलीला लावला. म्हणजे दखल घेतली.

१७ नोव्हेंबर
आता दीडवर आणलं आहे. शनिवार-रविवार अडीच घेतल्या. यात नियमभंग नाही. पुस्तक मी तीनदा वाचलं आहे. सेंटर सोमवार ते शुक्रवार, दहा ते साडेतीन. त्यानंतर यांचा अधिकार पोचत नाही. ही पळवाट महिपतरावांना समजावून सांगितली. ते म्हणाले, ताई, माझी बायको घर सोडून गेली ना, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.
फौजी माणसांना विषय सोडून बोलायची सवय असते.

२१ नोव्हेंबर
आढाव्याची बैठक. उत्कर्ष-गरिमा आले होते. मी दर्जासुधारणेचा अकरा पानी अहवाल वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर गरिमाने घड्याळ पाहिलं. अवंतिका म्हणाली, लेखी एवढ्यात नाही देता येणार, सहा आठवडे पुरे होऊ देत. उत्कर्षलाच राहवेना. म्हणाला, रविवारी दुपारी दोन तास ठेवून बघू. गरिमाने पुन्हा घड्याळ पाहिलं.
जिंकले. निश्चय: रविवारी तन्वी जाईपर्यंत काहीही घ्यायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी सहा
तन्वी दोनला आली. माझे हात थरथरताना तिने बघू नयेत, म्हणून त्याआधी अर्धी घेतली होती. मग आणखी अर्धी. पत्ते खेळायला बसलो.

डोळे उघडले तेव्हा पावणेचार. तन्वी माझ्यावर वाकून बसली होती, तळहात माझ्या नाकाखाली धरून. आजी, तू हिल ही नहीं रही थी, म्हणाली, मग मी बघत होते श्वास येतो का. किती वेळ, विचारलं. तर म्हणे, बहुत देर, हात दुखला की दुसरा हात. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, मी बाबांना नाही सांगणार. पक्का.

उत्कर्षला मीच फोन केला. घेऊन जा म्हटलं तिला. त्याने विचारायच्या आधीच सगळं सांगितलं.

थाटीपुरहून यायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तन्वी बूट घालून दारात बसली होती. थोड्या थोड्या वेळाने मान वळवून बघत होती, मी जागी आहे का.